पाच महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, आता काय करू?

पत्र : माझे वय ३९, वजन ५४ किलो. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. फेब्रुवारीत आरोग्य शिबिरात माझे एचबी ८.४ निघाले. डॉक्टरांनी १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली. गेले पाच महिने रोज न चुकता घेते, तरी परवाच्या तपासणीत ८.९ च आले. सकाळी उठल्यावर ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेते. मग नाश्ता आणि चहा झाला की लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. बद्धकोष्ठाचा त्रास वाढला आहे. पाळी सात-आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस रात्री उठून पॅड बदलावे लागते. आम्ही शाकाहारी आहोत. बीट, खजूर, गूळ सगळे चालू आहे. जाऊबाई म्हणतात, एक बाटली रक्त चढवून मोकळी हो. डॉक्टर सलाईनमधून लोह देऊ म्हणतात, पण रिॲक्शनची भीती वाटते. सासऱ्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांना रक्त वाढवायला इंजेक्शनऐवजी नवी गोळी सुरू झाली आहे. ती मला चालेल का? मुलगी १५ वर्षांची, तिचेही एचबी ११ आले. तिलाही माझ्याच गोळ्या देऊ का? रक्तक्षयावर जनुकीय उपचार निघाल्याचे वाचले, ते काय आहे? दोघींचे रिपोर्ट सोबत जोडले आहेत.

उत्तर : ताई, रिपोर्ट जोडलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.९, तांबड्या पेशींची संख्या ४१ लाख, पेशीचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ६८ आणि पेशी आकाराने किती असमान आहेत हे सांगणारा आरडीडब्ल्यू १९ आहे. मुलीचे हिमोग्लोबिन ११, पेशी ५६ लाख, एमसीव्ही ६३ आणि आरडीडब्ल्यू १४.५. दोघींच्या पेशी लहान आहेत, पण दोघींचा आजार एकच असेल असे दिसत नाही. म्हणून मुलीला तुमच्या गोळ्या आत्ताच सुरू करू नका. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आधी तुमचे. पाच महिने रोज गोळी घेऊन अर्धाच ग्रॅम वाढ झाली, याचा अर्थ गोळी कुचकामी आहे किंवा ती दुप्पट करायला हवी, असा होत नाही. लोह पोटातून रक्तात नीट जात नाही आणि जे जाते ते पाळीतून बाहेर पडते, या दोन्ही गोष्टी तुमच्याकडे एकाच वेळी घडत आहेत. तुमच्या पत्रातच त्याचे पुरावे आहेत.

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला साधारण वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. नव्या पेशींसाठी शरीराला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, पण त्यातले जवळजवळ सगळे जुन्या पेशी मोडून प्लीहेतून आणि यकृतातून परत मिळते. अन्नातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम आत येते. जादा लोह बाहेर टाकायची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही. त्यामुळे किती लोह आत घ्यायचे यावरच शरीराचा सगळा ताबा असतो. लहान आतड्याच्या पहिल्या भागातल्या पेशी लोह शोषतात आणि फेरोपोर्टिन नावाच्या दारातून ते रक्तात सोडतात. हे दार बंद करणारे संप्रेरक यकृतात तयार होते, त्याचे नाव हेपसिडिन. गेल्या पंचवीस वर्षांत रक्तक्षयाच्या उपचारात जे काही नवे आले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी या हेपसिडिनची ओळख आहे.

तुमच्या गोळीशी त्याचा संबंध असा. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोहाची गोळी घेतली की हेपसिडिन वाढते आणि साधारण २४ तास वाढलेले राहते. दुसऱ्या दिवशीची गोळी पोटात पोचते तेव्हा दार अर्धवट मिटलेलेच असते. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हे मोजून पाहिले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. रोज गोळी घेणाऱ्यांच्या अंगी सुमारे १६ टक्के लोह लागले, एकाआड एक दिवस घेणाऱ्यांच्या अंगी सुमारे २२ टक्के. तोच डोस दिवसात दोनदा विभागून घेतल्याने फायदा दिसला नाही, हेपसिडिन मात्र वाढले. न शोषलेले लोह आतड्यात उरते. मळमळ, बद्धकोष्ठ आणि काळी शी होते ती त्यामुळेच. एकाआड एक दिवसाच्या पद्धतीत सुरुवातीला हिमोग्लोबिन किंचित सावकाश वाढू शकते, पण पोटाचा त्रास कमी होतो आणि गोळी मध्येच सोडून द्यायची वेळ येत नाही. तुमच्यासारख्या बद्धकोष्ठ असलेल्या बाईला हाच मार्ग योग्य वाटतो. डॉक्टरांशी बोलून बदल करा. गरोदर बायकांनी मात्र हे वाचून आपल्या मनाने गोळ्या कमी करू नयेत. सरकारी कार्यक्रमात त्यांना ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी रोज, निदान १८० दिवस दिली जाते, आणि ती तशीच घ्यायची.

आता गोळी घ्यायची कशी, ते. चहातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे लोह आतड्यात अडकून पडते. कॅल्शियम शोषणात आडवे येते. पॅन्टोप्राझोल पोटातले आम्ल कमी करते आणि लोह विरघळायला आम्ल लागते. तुम्ही या तिन्ही गोष्टी एकाच तासात उरकता. एवढ्या अडथळ्यांतून १०० मिलिग्रॅमपैकी थोडेच लोह आत गेले असेल.

सकाळी उठल्यावर हेपसिडिन सगळ्यात कमी असते, म्हणून ती वेळ लोहाला द्या. उपाशीपोटी, एका पेल्यात अर्धे लिंबू पिळून त्या पाण्याबरोबर गोळी घ्या. त्यानंतर निदान एक तास चहा, कॉफी, दूध काही नको, दोन तास थांबता आले तर उत्तम. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्या. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचे अंतर हवे, म्हणजे लोह दुपारी किंवा झोपताना घ्यावे लागेल. उपाशीपोटी मळमळलेच तर केळ्याचे दोन काप किंवा एखादे बिस्किट खा, पण पोळी-भाजीचा पूर्ण नाश्ता नको. पॅन्टोप्राझोल कशासाठी सुरू झाली होती हे डॉक्टरांना विचारा. कितीतरी जणांना ती दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते आणि वर्षभर चालू राहते. आतड्यात उशिरा विरघळणारे आवरण असलेली लोहाची गोळी टाळा. ती विरघळेपर्यंत लोह शोषणारा भाग मागे पडलेला असतो. पाकिटावर संयुगाचे वजन आणि प्रत्यक्ष लोहाचे वजन वेगळे असते, हेही बघा. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅमच असते.

शोषण सुधारले तरी पाळीचा प्रश्न उरतोच. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे जास्त रक्तस्राव. घरी हे कोणी मोजत नाही, पण खुणा ठरलेल्या आहेत : तासा-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणे, रात्री उठून बदलावे लागणे, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांपेक्षा जास्त अंगावर जाणे. तुमच्यात यातल्या दोन खुणा तरी आहेत. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. तुमचे हिमोग्लोबिन ८.९ धरले तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ३० मिलिग्रॅम लोह झाले. महिन्याला १५० मिलिलिटर रक्त जात असेल तर ४५ मिलिग्रॅम लोह गेले. शिवाय हिमोग्लोबिन जसे वाढेल तसे तेवढ्याच रक्तातून जास्त लोह जायला लागेल. म्हणून काही बायकांचे एचबी दहा-साडेदहापर्यंत चढते आणि तिथेच अडून बसते.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयातल्या गाठी, अस्तरातला पॉलिप, ॲडिनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे) ही नेहमीची कारणे आहेत. थायरॉईडसाठी टीएसएच बघायलाच हवे. तांबी बसवलेली असेल तर तिनेही रक्तस्राव वाढतो, हे सांगायला विसरू नका. उपचारांत ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे जुने, स्वस्त आणि चांगले औषध आहे : पाळी सुरू झाल्यावर ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, चार दिवस. पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, पक्षाघात झाला असेल तर मात्र हे औषध घ्यायचे नाही, म्हणून ते डॉक्टरांनीच लिहून द्यावे. मूल नको असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे, गर्भाशयात बसवायचे साधन रक्तस्राव फार मोठ्या प्रमाणात कमी करते आणि काही वर्षे काम देते. पहिले तीन-चार महिने मधूनमधून डाग पडत राहतात. तेवढ्याने घाबरून ते काढून टाकणाऱ्या बायका बऱ्याच असतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. गर्भाशय काढण्याचा सल्ला कोणी पहिल्याच भेटीत दिला तर दुसरे मत घ्या.

रक्ताच्या तपासणीत तुमचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा अजून झालेलाच नाही. तो म्हणजे फेरिटिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा. ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साठा कमी, १५ च्या खाली असेल तर जवळजवळ संपलेला. फेरिटिनमध्ये एक गोम आहे. ताप, जंतुसंसर्ग, सांध्यांचा दाह अशा वेळी ते खोटेच वाढलेले दिसते, म्हणून सोबत शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी तपासणी करा आणि सर्दी-ताप असताना तपासणीसाठी रक्त देऊ नका. नुसते सीरम आयर्न करून उपयोग नाही, ते दिवसभरात वरखाली होते आणि आदल्या दिवशीच्या गोळीनेही बदलते. तुम्ही शाकाहारी आहात, पॅन्टोप्राझोल घेता, म्हणून बी-१२ पण करा. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या होतात. दोन्ही एकत्र असल्या तर सरासरी आकार फसवतो, आरडीडब्ल्यू मात्र चढलेला दिसतो. तळपायांना मुंग्या येणे, अंधारात चालताना तोल जाणे ही बी-१२ ची लक्षणे. ते कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

शौचातून रक्त जाते का, मूळव्याध आहे का, गुडघेदुखी-डोकेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नेहमी चालतात का, याचाही विचार करा. बर्फ, कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. ते लोह कमी असल्याचे लक्षण आहे आणि लोह मिळू लागले की ती ओढ कमी होते. आणि घरातल्या पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नका. पोटात, आतड्यात कुठे रक्तस्राव होतो आहे का हे दुर्बिणीने तपासायलाच हवे.

सलाईनमधून लोह द्यायचे तर किती, याचे जुने सूत्र आहे : वजन गुणिले हव्या असलेल्या आणि असलेल्या हिमोग्लोबिनमधला फरक, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. तुमच्यासाठी १५ हे लक्ष्य धरले तर फरक ६.१, आणि हिशेब होतो सुमारे १,२९० मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅमच्या गोळीतून, सगळे नीट जमले तर, एका वेळी १५ ते २० मिलिग्रॅम अंगी लागते. म्हणजे सत्तर-ऐंशी गोळ्या, एकाआड एक दिवस घेतल्या तर पाच महिने, आणि दरम्यान पाळीतून जाते ते वेगळेच. गोळ्या सोसत नसतील, पाळीचा रक्तस्राव लगेच आटोक्यात येणार नसेल, दोन-तीन महिन्यांत शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा आतड्याचा आजार असेल तर सलाईनचे लोह हाच शहाणपणाचा मार्ग. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नाही. माझे मत विचाराल तर आधी चार आठवडे वर सांगितल्याप्रमाणे गोळी घ्या, त्याच काळात सोनोग्राफी आणि तपासण्या उरका. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅम वाढले नाही तर वेळ न घालवता सलाईन घ्या.

रिॲक्शनची भीती जुन्या काळच्या लोहाच्या इंजेक्शनांमुळे आहे. आताच्या औषधांत तीव्र ॲलर्जी क्वचित होते. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंतच देतात, म्हणजे तुम्हाला सहा-सात खेपा होतील. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅमपर्यंत एका बैठकीत, साधारण पंधरा मिनिटांत देता येते. उरलेला डोस आठवड्यानंतर. मात्र तुमच्या वजनाला एका वेळी किती चालेल हे डॉक्टर ठरवतील. हे घरी किंवा ऑक्सिजन नसलेल्या दवाखान्यात घेऊ नका, आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. सुई शिरेबाहेर गेली तर हातावर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून जळजळ जाणवली की त्या क्षणी सिस्टरना हाक मारा, संपेपर्यंत सोसू नका. चेहरा लाल होणे, छातीत आवळल्यासारखे वाटणे, कंबर दुखणे असे झाले आणि रक्तदाब ठीक असेल तर सलाईन थांबवले की बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते आणि पुन्हा सावकाश सुरू करता येते. अशा सौम्य त्रासाला फेनिरामाइनसारखे ॲलर्जीचे इंजेक्शन सरसकट देणे टाळावे. त्यानेच रक्तदाब उतरून गोंधळ वाढू शकतो. कार्बोक्सिमाल्टोजने काहींच्या रक्तातले फॉस्फरस कमी होते. पुन्हा पुन्हा डोस लागले आणि हाडे दुखू लागली, थकवा उलट वाढला, तर फॉस्फरस तपासा. सलाईननंतर निदान महिनाभर फेरिटिन करू नका, आकडा फुगलेला येतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत.

रक्त चढवण्याची तुम्हाला आज गरज नाही. प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला साधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्ताचा विचार करतात. एका पिशवीने हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅम वाढते आणि २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळते, म्हणजे तुमच्या गरजेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. त्यासोबत येणारे संसर्गाचे, ॲलर्जीचे आणि पुढे नको ती प्रतिद्रव्ये तयार होण्याचे धोके मात्र पूर्ण येतात. बसल्याजागी धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजणे यातले काही झाले तर मात्र आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

खाण्याबद्दल थोडक्यात. बिटाचा रंग लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढते असे नाही, १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमच्या आसपासच लोह असते. दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातही एक मिलिग्रॅम मिळत नाही. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हळीव, पालेभाज्या, हरभरे, सोयाबीन यांत लोह चांगले आहे, पण शाकाहारातले लोह कमीच शोषले जाते. कडधान्य भिजवून मोड आणल्याने त्यातले अडथळा करणारे फायटेट कमी होते. जेवताना लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला तर शोषण वाढते. आमटी-भाजी लोखंडी कढईत केली तर थोडी भर पडते, आमसूल-चिंच घातलेल्या पदार्थात जास्त. जेवणानंतर लगेच चहा नको. एवढे केले तरी ८.९ चे १२ नुसत्या खाण्याने होणार नाही. आहार हा नंतर पुन्हा घसरू नये म्हणून.

आता मुलगी. पेशी लहान का आहेत याचा अंदाज घ्यायला एक सोपा हिशेब आहे : एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागायचे. तुमचे ६८ भागिले ४.१ म्हणजे १६.६. हे १३ च्या वर आहे, लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवते. मुलीचे ६३ भागिले ५.६ म्हणजे ११.२. ते १३ च्या खाली आहे. हिमोग्लोबिन थोडेसेच कमी, पेशी फार लहान, पण संख्येने भरपूर आणि एकसारख्या, असे चित्र बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचे जनुक एकाच पालकाकडून आलेले असताना, दिसते. हा फक्त अंदाज आहे. पक्के निदान फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी या दोन तपासण्यांनी होईल. एचपीएलसीमध्ये एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर, बहुधा चारच्याही वर असेल तर ती वाहक आहे. लोह खूप कमी असले तर एचबीए-२ खाली दबते, म्हणून फेरिटिन कमी निघाले तर आधी लोह भरून काढून तीन महिन्यांनी एचपीएलसी पुन्हा बघावे लागेल.

वाहक निघाली तर घाबरू नका. मायनर म्हणजे आजार नाही, त्याला औषध नाही आणि गरजही नाही. फेरिटिन ठीक असताना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देणे हे मात्र अशा मुलींच्या वाट्याला फार येते आणि ते थांबायला हवे. वाहक असूनही लोह कमी असू शकते, तेव्हा तेवढ्यापुरते द्यावे. तुमची आणि मुलीच्या वडिलांचीही तपासणी करा, भावंडे असतील तर त्यांचीही. तिच्या लग्नाच्या वेळी जोडीदाराची एचपीएलसी झालीच पाहिजे. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा सतत रक्त चढवावे लागणारा गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि ते गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात तपासता येते. पत्रिका जुळवण्यापेक्षा हा कागद जुळवणे मला फार महत्त्वाचे वाटते. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी याच एचपीएलसीत सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजारही बघून घ्यावा.

जनुकीय उपचारांचा प्रश्न इथे येतो. ते लोहाच्या कमतरतेसाठी नाहीत, तुमच्यासाठीही नाहीत आणि मुलगी नुसती वाहक असेल तर तिच्यासाठीही नाहीत. ते थॅलेसेमिया मेजर आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी आहेत. जन्मल्यानंतर बाळाचे गर्भातले हिमोग्लोबिन बनणे बंद होते, कारण बीसीएल-११-ए नावाचे जनुक त्याला आवर घालते. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून, क्रिस्पर या जनुकात बदल करण्याच्या तंत्राने त्या जनुकाचा तांबड्या पेशींतला प्रभाव कमी करून, त्या परत देतात. मग गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. या पद्धतीच्या कॅसगेव्ही या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे आणि आधी अस्थिमज्जा रिकामी करायला तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. दिल्लीची आयजीआयबी ही संस्था सिकलसेलसाठी स्वदेशी क्रिस्पर उपचारावर काम करते आहे. तोवर सिकलसेलच्या बहुसंख्य रुग्णांसाठी रोजची हायड्रॉक्सियुरिया हेच खरे औषध आहे. तीही गर्भातले हिमोग्लोबिनच वाढवते आणि नियमित घेतली तर दुखण्याचे झटके कमी होतात. थॅलेसेमियात लुस्पाटरसेप्ट हे तीन आठवड्यांनी द्यायचे इंजेक्शन काही रुग्णांचे रक्त चढवण्याचे प्रमाण कमी करते.

सासऱ्यांची गोळी तुम्ही अजिबात घेऊ नका. मूत्रपिंड निकामी झाले की रक्त बनवायला सांगणारे एरिथ्रोपोएटिन कमी पडते. शिवाय हेपसिडिन वाढते, म्हणून तोंडाने घेतलेले लोहही नीट आत जात नाही. डेसिडुस्टॅटसारख्या नव्या गोळ्या शरीराला ऑक्सिजन कमी असल्याचा भास निर्माण करतात. मग एरिथ्रोपोएटिन वाढते आणि लोहाचे दारही उघडते. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले, आणि भारतात डेसिडुस्टॅटला २०२२ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. तुमची मूत्रपिंडे ठीक असतील तर हा निरोप तुमच्या मज्जेला आधीच मिळतो आहे, तिथे कमी आहे ते लोह. वर या गोळ्यांनी रक्तदाब वाढण्याचा आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. सासऱ्यांच्या बाबतीतही हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ दरम्यान ठेवतात. १३ च्या पुढे ढकलले तर पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून 'अजून का वाढत नाही' असे म्हणत डॉक्टरांच्या मागे लागू नका. त्यांचा रक्तदाब मात्र घरी रोज मोजून लिहून ठेवा.

चार आठवड्यांनी शिरेतून रक्त देऊन, त्याच लॅबमध्ये पुन्हा सीबीसी म्हणजे रक्तपेशींची पूर्ण तपासणी करा. शिबिरातला बोटाला टोचून काढलेला आकडा तुलनेला धरू नका. १२ झाले की गोळी थांबवायची नाही, थांबवण्याची चूक सर्रास होते. आधी हिमोग्लोबिन भरते, साठा सगळ्यात शेवटी. त्यानंतर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवा आणि फेरिटिन ५० च्या वर गेल्याचे पाहून मगच बंद करा. पुढे वर्षभर दर तीन महिन्यांनी सीबीसी. चार आठवड्यांचा सीबीसी, फेरिटिन, बी-१२, टीएसएच, सोनोग्राफी आणि मुलीचा एचपीएलसी हाती आला की पुन्हा लिहा. गोळी नीट घेऊनही वाढ नसेल तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या सिलिॲक आजारासाठी टीटीजी ही रक्ततपासणी आणि पोटातल्या एच. पायलोरी जंतूची तपासणी हा पुढचा टप्पा असेल.